चोवीस बेटं आणि तुळशीचा मांडव

बाळांनो,

मागच्या रविवारी तुमच्या बाबांनी फोनवर तुम्हाला सांगितलं की आजीने आत्याची पीएचडी कापली आणि तुळशीच्या लग्नात गल्लीभर वाटून टाकली. तुम्ही दोघं इतके हसलात की पडद्यावर नुसते दात दिसत होते. बाबांचं वाक्य अगदीच खोटं नाही, पण त्यात दोन चुका आहेत. एक, कापणारी मी नव्हते. दुसरी, मी जे केलं ते त्याच्या चार महिने आधी केलं होतं, आणि ते कापण्यापेक्षा वाईट होतं. बाबांची गोष्ट घरात रुळायच्या आधी खरी गोष्ट कागदावर यावी म्हणून आज लिहायला बसले आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून एकामागून एक नीट सांगते. मध्ये अहिराणी आली तर बाबांना विचारा. तेवढी त्यांना अजून येते.

आत्या म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, हे तुम्हाला माहीत आहे. ती शेतकी विद्यापीठात उसावर पीएचडी करते, हेही माहीत आहे. पण ती उसाचं नेमकं काय करते हे तुम्ही कधी विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी चैत्रात ती गाडीच्या मागच्या सीटवर रोपांच्या काळ्या पिशव्या घेऊन कळसाडीला आली, तेव्हा मला ते कळलं.

चोवीस पिशव्या होत्या. प्रत्येकीत वीतभर गवत. मी म्हटलं, "हे काय? लॉन लावायचंय?"

"मावशी, हा ऊस आहे."

आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एक पिशवी हातात धरली आणि परत ठेवली. पन्नास वर्षं ऊस लावलेला माणूस. त्यांचं तोंड बघून आत्याच सांगू लागली.

आपण उसाची कांडी पुरतो आणि त्यातून ऊस उगवतो. तो आईची हुबेहूब प्रत असतो. पण उसाला तुराही येतो, तुऱ्यात बी असतं, आणि त्या बीसाठी आई-बाप दोन्ही लागतात. आत्याने आई घेतली होती चांगली जाडजूड, रसाळ, गोड जातीची. आणि बाप घेतला होता कास गवत. तापीकाठी पावसाळा संपल्यावर पांढरे तुरे डोलतात ना, तेच. कोरीटजवळच्या एका नाल्यातून तिने ते मुळासकट खणून नेलं होतं. दक्षिणेत एका केंद्रात, जिथे उसाला वेळेवर तुरा येतो, तिथे तिने दोघांची गाठ घालून दिली होती. उसाची गोडी आणि कासाचा चिवटपणा एका अंगात यावा एवढाच बेत.

आता आजोबांना बोलल्याशिवाय राहवेना. आजोबा शेतात अहिराणी बोलतात, माझ्याशी मराठी, आणि चिडले की पुन्हा अहिराणी.

"जलमभर ज्याले वावरमाईन खंदी काढं, तो आते जावई व्हई घरमा उना!"

कास शेतात शिरलं की दोन-दोन हात खोल खणूनही जात नाही. आजोबांची अर्धी तरुणाई त्यात गेली आहे. त्यांच्या दृष्टीने ही सोयरीक म्हणजे चोराला सोन्याच्या दुकानात बसवण्यासारखी होती.

पण आत्याची खरी अडचण पुढे होती. उसाच्या तुऱ्यात स्वतःचेही परागकण असतात. त्यामुळे या चोवीस रोपांपैकी काही कासाची असणार, आणि काही आईने आपल्या आपणच केलेली. पहिल्यांना खरे संकर म्हणायचं. दुसरी नुसतीच आईची लेकरं, आत्याच्या कामाची नाहीत. आणि रोपं लहान असताना दोन्ही सारखीच दिसतात.

हे ती समजावत असताना मागच्या दारातून मोठी आजी आली होती. मोठी आजी म्हणजे आजोबांच्या थोरल्या भावाची बायको, माझी थोरली जाऊ. शेजारच्याच घरात राहते आणि आमच्या घरात न विचारता येते, जसं मी तिच्या घरात जाते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मायले इचार ना व. ती सांगी कोना पोर शे ते."

आत्या हसली. मग म्हणाली की विचारायचीही सोय आहे. पानाचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत न्यायचा, त्यातला आनुवंशिक धागा काढायचा, आणि जेलीच्या पातळ वडीवर तो पळवायचा. प्रत्येक झाडाच्या रेघा उमटतात. एखादी रेघ बापात असते आणि आईत नसते. ती लेकरात दिसली की बाप ठरला. मात्र त्या प्रयोगशाळेत तिच्या वाट्याला बाराच नमुन्यांची जागा होती, तीही दिवाळीनंतर. म्हणजे चोवीसमधून बारा आधी डोळ्यांनी निवडायची, मग तपासायची.

"बाकीची रोपं कुठेत?" मी विचारलं.

"विद्यापीठाच्या शेतात दीडशे होती. मागच्या आठवड्यात रानडुकरं आली." तिने एवढंच सांगितलं. पहिल्या दोन वर्षांत तुरेच जुळले नव्हते, तिसऱ्या वर्षी बी धरलं, आणि त्याची रोपं डुकरांनी खाल्ली. या चोवीस पिशव्या जाळीच्या खोलीत मागे राहिल्या होत्या म्हणून वाचल्या. यांत खरे संकर निघाले तर तिचं काम पुढे जाणार होतं. नाही निघाले तर तीन वर्षं वाया. "तुमच्या परसाला भिंत आहे," ती म्हणाली, "आणि मावशी, तुझ्या हातून कधी काही हरवत नाही."

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. इथूनच सगळं बिघडलं.

मी शहाद्याच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. झाडांतलं मला फार कळत नाही, पण व्यवस्था कळते. चार ओळी, ओळीत सहा खड्डे, सुतळी ताणून सरळ. प्रत्येकापुढे खुंटी, खुंटीवर नंबर. एक दोनशे पानी वही, तिच्यात समास आखलेले. दर सोमवारी सकाळी चहानंतर मी पट्टी घेऊन परसात जायची आणि चोवीसही जणांची उंची लिहायची. आजोबा म्हणायचे, "हजेरी झाली का?"

ज्येष्ठात रोपं गुडघ्याएवढी झाली आणि मग त्यांच्यात फरक पडायला लागला. काही शहाण्यासारखी सरळ वाढत होती. एका बुडातून तीन-चार जाड फुटवे, बस. काहींना मात्र काही धरबंदच नव्हता. बुडापासून पंधरा-वीस बारीक फुटवे, सगळ्या दिशांना, एकमेकांच्या अंगावर. पाऊस झाला की ते आणखी पिसारत. अकरा नंबर तर शेजारच्या बारा नंबरच्या खड्ड्यात जाऊन उभा राहिला होता. मला ते बघवेना. वर्गात पहिल्या दिवशी केस न विंचरता आलेली मुलं असतात ना, तसं ते दिसत होतं.

मग आषाढात एका सकाळी मी कात्री घेतली आणि सगळ्यांना नीट केलं. प्रत्येक बेटात, म्हणजे एका बुडातून आलेल्या झुपक्यात, चार-पाच चांगले फुटवे ठेवले, बाकीचे काढले. खालचं पाचट सोलून टाकलं. दर आठवड्याला पुन्हा डोकं वर काढणारे फुटवे पुन्हा कापले. महिन्याभरात चोवीसही बेटं अशी एकसारखी झाली की परेडला उभी केल्यासारखी. उरलेल्या फुटव्यांना जागा मिळाल्यामुळे बारीक होते तेही भरले. आजोबांनीही कधी नव्हे ते कौतुक केलं. "आता उसासारखा दिसतोय," म्हणाले.

ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या ऊस आहे त्याची ही चूक होते बघा. आमच्या डोळ्याला जाड तेवढं चांगलं, बारीक तेवढं काढून टाकायचं. मी शाळेत शिकवायला जायच्या आधीपासून या घरची सून आहे, आणि तो डोळा मलाही लागला आहे.

श्रावणात आत्याचा फोन आला. "मावशी, आता महत्त्वाचं काम. प्रत्येक बेटाचे फुटवे मोज आणि लिहून पाठव."

"पाच," मी म्हटलं.

"कुठल्या नंबरचे?"

"सगळ्यांचे. काहींचे चार आहेत."

मला वाटलं रेंज गेली.

"मावशी, तू कापलेस?"

"नीट केले."

"मावशी," ती अगदी हळू म्हणाली, "फुटवे हेच तर बापाचं लक्षण आहे. ज्यांना खूप फुटवे, ज्यांची कांडी बारीक, त्यांच्यातूनच मी बारा निवडणार होते."

मुलांनो, मी शाळेत कित्येक मुलांना ओरडले असेन. पण मला कुणी ओरडलं नाही आणि तरी ओरडल्यासारखं वाटलं, असं पहिल्यांदाच झालं. मी वही उघडून बघितली. तिच्यात उंची होती, पानांची लांबी होती, पावसाची नोंद होती, एका सोमवारी आजोबांना ताप होता हेसुद्धा होतं. फुटवे नव्हते. ते मला मोजण्यासारखे वाटलेच नव्हते, कारण ते नको असलेले होते.

ती म्हणाली, ठीक आहे, कार्तिकात मी स्वतः येऊन बघते, आणखीही खुणा असतात. पण तिच्या आवाजावरून मला कळलं की त्या खुणा फारशा भरवशाच्या नाहीत. आता बारा निवडायचे म्हणजे जवळजवळ चिठ्ठ्या टाकायच्या.

मग तुळशीचं लग्न आलं.

त्या दिवशी मी शहाद्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी थेंब घातले की तीन-चार तास सगळं धूसर आणि पांढरं दिसतं. चारच्या सुमारास रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी उतरले तर घरोघरी तुळशीपुढे उसाचे मांडव उभे. धूसर दिसत असूनही मला ते आवडले. हिरवेगार शेंडे, सगळे एका उंचीचे. पहिल्याच घराच्या ओट्यावर मोठी आजी चिंचा आणि आवळे मांडत बसली होती.

"किती सुंदर ऊस आहे हो बाई," मी म्हटलं. "यंदा कुणाच्या शेतातला?"

"तुन्हाच शे, मास्तरीनबाई!"

मला आधी वाटलं कौतुकाने म्हणते आहे.

दरवर्षी गल्लीला ऊस मोठी आजी पुरवते. तो तिचा मान आहे. पण गेल्या वर्षी गावाजवळच्या शेतात केळी होती आणि ऊस नदीकडच्या तुकड्यात, तिथवर जायला तिचे गुडघे तयार नव्हते. मग तिला आमचं परस आठवलं. मी घाईघाईने घरात शिरले, मागचं दार उघडलं. डोळ्यांत औषध होतं म्हणून मी दोनदा बघितलं. पण औषधाने चोवीस बेटं दिसेनाशी होत नाहीत. चार ओळी, ओळीत सहा खुंट्या, खुंट्यांवर नंबर, आणि प्रत्येक नंबरामागे जमिनीबरोबर कापलेले बुडखे.

मोठी आजी माझ्या मागे आलीच होती.

"बाई, एकदा विचारायचं तरी!"

"इचारू कोनले? तू तं शहादाले गयती." मग तिने बुडख्यांकडे अभिमानाने बघितलं. "असा एकसारखा ऊस मी जलममा देखा नही. तुळशीना मांडवले लागना, पुण्य तुलेच लागी."

एकसारखा! तो मीच केला होता ना एकसारखा. झिपरं गवत राहिलं असतं तर तिने त्याच्याकडे वळूनही बघितलं नसतं.

आजोबा ओसरीत खांबाला टेकून हसत होते. आवाज न करता, पोट धरून. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही घरात होतात ना?"

"होतो की. कोयत्याला धार मीच लावून दिली."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"वहिनीला नाही म्हणायची या घरात कुणाची टाप आहे? तुझी आहे?"

नव्हती. मी आत्याला फोन केला. घडलं ते सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या थेंबांसकट. बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली होती आणि मोठी आजी सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत म्हणत होती.

"मुळं आहेत ना जमिनीत?" आत्याने शेवटी विचारलं.

"आहेत."

"पाणी दे. आणि मावशी, कुणालाही हात लावू देऊ नकोस. तू स्वतःसुद्धा."

लग्न लागल्यावर गल्लीने प्रसाद म्हणून तो ऊस सोलून खाल्ला. दुसऱ्या दिवशी तीन घरांतून तक्रारी आल्या. समोरची सून म्हणाली, "मामी, तुमचा ऊस नही, दांडका शे. मन्हा सासरानी कवळी हाली गयी." मी वहीत लिहून घेतलं. काय उपयोगाचं ठरेल सांगता येत नाही.

आत्याची प्रयोगशाळेतली पाळी तीन आठवड्यांवर होती. पानं मिळायची तर बुडख्यांतून नवे कोंब यायला हवे होते, तेही थंडीत. त्या दिवसांत मी रोज परसात जायची, हात मागे बांधून. खरंच मागे बांधून, कारण हाताचा भरवसा नव्हता.

आठव्या दिवशी अकरा नंबरमध्ये चार हिरवी टोकं दिसली. दहाव्या दिवशी ती चौदा झाली. मग सतरा नंबर, मग तीन, मग वीस. आणि त्याच वेळी शेजारचे बुडखे ढिम्म. थंडीत अंगावर घेऊन झोपल्यासारखे. आजोबा आधी लांबून बघायचे, मग खुर्ची परसातच आणून ठेवली. शेतकऱ्याला खोडवा दिसला की राहवत नाही. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा येणारं पीक.

"कास आहे हे," एका सकाळी ते म्हणाले. ते खाली वाकून अकरा नंबरकडे बघत होते. "मी ओळखतो. असंच उगवायचं, कापलं की दुप्पट. आयुष्यभर हाच वैरी बघितलाय."

मी वही उघडली, नवं पान आखलं आणि यावेळी फक्त फुटवे मोजले. आषाढात मी कापून टाकलेलं सगळं ती बेटं पुन्हा सांगत होती, आणि मी ते रोज लिहून घेत होते.

आत्या आली तेव्हा अकरा बेटं उघडच कासाची दिसत होती, झिपरी, बेशिस्त, माझ्या मनासारखी अजिबात नाहीत अशी. तिने गुडघ्यावर बसून एकेकाचं पान हातात घेतलं. ती हसत होती. उरलेल्यांतल्या काहींना जेमतेम एक-दोन पानं आली होती; त्यांतून बारावं कुठलं घ्यायचं यावर मात्र वाद झाला. आजोबा म्हणाले सहा नंबर. मोठी आजी म्हणाली चोवीस.

"का गं मोठ्या मावशी?" आत्याने विचारलं.

"तो कोपराना बेट कोयताले ऐकेच ना. दोनदा घाव घाला तवय तुटना. इतला कठीन बापनाच व्हई."

आत्याने मोठ्या आजीचं ऐकलं. आजोबांची समजूत म्हणून अकरांतून एक कमी करून सहा नंबरही घेतला. बारा पानं, बारा पुड्या, बर्फाच्या डब्यात.

निकाल पौषात आला. तिने फोटो पाठवला. काळ्या पाटावर पांढऱ्या आडव्या रेघा, पहिल्या दोन ओळी आई आणि बाप, पुढे आमची बारा लेकरं. बापाच्या ओळीत एक रेघ होती ती आईत नव्हती. मी भिंग घेऊन एकेक ओळ बघितली. ती रेघ नऊ जणांत होती. अकरा नंबरमध्ये तर ठळक.

ज्या तिघांत नव्हती त्यांत एक सहा नंबर, एक चोवीस. आजोबा म्हणाले, फोटो तिरपा काढलाय. मोठी आजी म्हणाली, "मशीनले काय समजस? कोयता मन्हा हातमा व्हता." आजही तिचं तेच मत आहे. तुम्ही फोन केलात तर तिला हे विचारू नका.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. मी म्हटलं, "एवढ्या सगळ्यांतून नऊच राहिले गं."

"मावशी, मला दोन मिळाले असते तरी चाललं असतं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी फोन धरून बसले. मग ती नाक पुसून म्हणाली की आता या नऊंची पुन्हा गोड उसाशी गाठ घालायची, म्हणजे रसात गोडी येईल. आजोबांनी फोन हिसकावून घेतला आणि तिला बजावलं की यावेळी घराणं बघून कर.

तिने तिच्या प्रबंधात याची नोंद केली आहे. मला वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य असं आहे की सुरुवातीच्या फुटव्यांची नोंद काळजीवाहू व्यक्तीकडून अनवधानाने नष्ट झाली, आणि पुढची नोंद तोडणीनंतरच्या खोडव्यावरून घेतली. ती काळजीवाहू व्यक्ती मी. तोडणी कुणी केली आणि कशासाठी, हे तिने लिहिलं नाही. मी म्हटलं, लिही की. ती म्हणाली, परीक्षक विश्वास ठेवणार नाहीत.

आता श्रावण चालू आहे. थंडीत न उगवलेली पाच बेटं कुजली, आईच्या तिघांतलं एक वाळवीने खाल्लं. बाकीची अजून आमच्याच परसात आहेत, कारण विद्यापीठाच्या शेताला अजून कुंपण झालेलं नाही. कात्री आजोबांनी कपाटात ठेवली आहे आणि किल्ली त्यांच्या खिशात असते. चोवीसपैकी अठरा बेटं जिवंत आहेत: नऊ कासाची, दोन नुसती आईची, आणि सात ज्यांची तपासणी व्हायची आहे.